दिवा लावणारे जंतू

जंतू म्हटले की आपल्या मनात काय येते? रोग. हगवण, क्षय, विषमज्वर आणि पटकी. पटकीला आता पुष्कळ लोक कॉलरा म्हणतात. या पटकीने एके काळी गावेच्या गावे ओस पडली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जाई. लोक म्हणत, मरीआई कोपली. मग मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडीत. म्हणजे आता ती पुढच्या गावची पाहुणी!

रॉबर्ट कॉख नावाचे एक जर्मन डॉक्टर होते. त्यांनी १८८४ साली कलकत्त्याला पटकीचा जंतू वेगळा करून दाखविला. हा जंतू दिसतो कसा? वाचताना आपण मध्येच जरा थांबतो, तिथे एक वाकडी खूण असते. तिला स्वल्पविराम म्हणतात. या पानावर, पाहा, तशा खुणा पुष्कळ आहेत. पटकीचा जंतू तसाच वाकडा असतो. पण तो इतका लहान, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शक नावाच्या यंत्रातून पाहावा लागतो. या कुळातल्या जंतूंना व्हिब्रिओ असे नाव आहे. पटकीचा व्हिब्रिओ घाण पाण्यातून आपल्या पोटात जातो. म्हणून पाणी उकळून प्यावे आणि जेवणापूर्वी हात धुवावेत.

आता गंमत ऐका. याच व्हिब्रिओच्या कुळात दुसरा एक जंतू आहे. तो माणसाला मारीत नाही. तो दिवा लावतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी काहीतरीच सांगतात! पण ही गोष्ट खरी आहे, आणि ती लहान मुलांच्या एका पुस्तकात लिहिलेली आहे. हे पुस्तक ऑस्ट्रेलिया देशात निघाले. ग्रेगरी क्रोसेटी हे तिथले एक जंतुशास्त्रज्ञ. त्यांनी आणि ब्रायोनी बार या चित्रकार बाईंनी मिळून २००७ साली मेलबर्न शहरात एक मंडळ काढले. मुलांना जमवायचे, सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावायचे आणि दिसले ते कागदावर काढायला सांगायचे, असे त्यांचे काम. पुढे त्यांनी जंतूंच्या गोष्टींची पुस्तके काढायचे ठरविले. क्रोसेटी यांनी शास्त्र सांगितले. गोष्ट लिहिली एल्सा वाइल्ड या लेखिकेने. चित्रे काढली अविवा रीड यांनी. पहिले पुस्तक २०१४ साली निघाले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘माकूळ, व्हिब्रिओ आणि चंद्र’. मूळ पुस्तक इंग्रजी आहे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेने या माळेतली पुस्तके छापली.

शिकलासवरलेला माणूस, प्रयोगशाळेत काम करणारा, तो पोरांच्या गोष्टींत का शिरला असेल? मला वाटते, कारण उघड आहे. मूल लहानपणी जे ऐकते ते जन्मभर त्याच्याबरोबर राहते. ‘माती चिवडू नको, जंतू असतात,’ एवढेच आपण मुलांना सांगतो. मग ते पोर मोठे होऊन शेतात उभे राहते, तेव्हाही त्याला जंतू म्हणजे मारण्याची वस्तू एवढेच ठाऊक असते. त्याच्या शेताला किती जंतू राबत असतात, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

तर आता त्या दिव्याची गोष्ट.

प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तिथे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात एक लहानसा माकूळ राहतो. आपले कोकणातले लोक माकूळ ओळखतात. हा माकूळ मात्र अंगठ्याएवढाच. दिवसा तो वाळूत अंग पुरून बसतो. रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. वर चंद्र असतो. खाली मोठे मासे टपलेले असतात. चंद्राच्या उजेडात माकूळ पोहू लागला, की खालून त्याची काळी सावली दिसते. मग काय, माशाची एकच झडप!

यावर माकुळाने उपाय काय केला? त्याच्या पोटाच्या बाजूला एक लहान पिशवी असते. तीत व्हिब्रिओ जंतू राहतात. ते जंतू मंद निळसर उजेड पाडतात. वरून चंद्राचा उजेड, खालून जंतूंचा उजेड. चंद्र जितका तेज, तितका माकूळ आपला उजेड कमी-जास्त करतो. खालच्या माशाला वरचा उजेड आणि माकुळाचा उजेड एकसारखाच दिसतो. सावली दिसतच नाही. कंदिलाची काच झाकून उजेड बेताचा ठेवावा, तसेच हे.

पण अंड्यातून बाहेर येते, तेव्हा माकुळाच्या पिल्लाजवळ हे जंतू नसतात. पिशवी रिकामी असते. दिवा आहे, तेल नाही. पिल्लाला हे जंतू समुद्रातूनच मिळवावे लागतात. समुद्राच्या चमचाभर पाण्यात ५० लाखांच्या आसपास जंतू असतात. त्यांत हे दिवेवाले हजारात एकही नसतील. तरी पिल्लू काही तासांतच नेमके तेच गोळा करते. पिशवीच्या दाराशी ते चिकट द्रव सोडते. त्यात जंतू अडकतात. दाराच्या आत जायची वाट अवघड असते. ती वाट दिवेवाल्या व्हिब्रिओंनाच पार करता येते. बाकीचे बाहेरच राहतात.

आत गेल्यावरही जंतू लगेच उजेड पाडीत नाहीत. एकट्यादुकट्याच्या उजेडाने काय होणार? प्रत्येक जंतू थोडा थोडा रस बाहेर सोडतो. जंतू वाढले की रस दाट होतो. रस पुरेसा दाट झाला, की आपली माणसे पुरेशी जमली हे सगळ्यांना कळते, आणि दिवा लागतो. ग्रामसभेला कोरम लागतो ना? कोरम नसला तर ठराव होत नाही. शास्त्रज्ञांनीही जंतूंच्या या रीतीला कोरमचेच नाव दिले आहे.

माकूळ या जंतूंना खायला घालतो. राहायला जागा देतो. जंतू त्याला उजेड देतात. आणि रोज पहाटे तो आपल्या पिशवीतले १०० पैकी ९५ जंतू बाहेर टाकून देतो! दिवसा दिवा कशाला पोसायचा? उरलेले ५ दिवसभरात वाढून रात्रीपर्यंत पुन्हा पिशवी भरतात. बाहेर टाकलेले समुद्रात जातात. तिथे नवी पिल्ले त्यांना गोळा करतात. म्हणजे वाया कुणी जात नाही.

असे दोन निराळ्या जातींचे जीव एकमेकांच्या आधाराने राहतात, त्याला सहजीवन म्हणतात. हा शब्द अवघड वाटला तर घाबरू नका. सह म्हणजे बरोबर. बरोबर जगणे. डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली अशा जगण्याला शास्त्रात वेगळे नाव देऊन ते रूढ केले.

आपल्या घरात याचा एक नमुना आहे. काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात. ते फूल नव्हे. ते एक झाडही नव्हे. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांनी मिळून मांडलेला तो संसार आहे. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. बुरशी ओल धरते आणि दगडाला, झाडाच्या सालीला घट्ट धरून ठेवते. श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञांनी १८६७ साली हे सांगितले, तेव्हा मोठमोठे विद्वान त्यांना हसले. दोन जीव मिळून एक वस्तू कशी होईल, असे ते म्हणत. आज मात्र ही गोष्ट सगळे मानतात.

त्याच माळेत दुसरे एक पुस्तक आहे, ‘झोबी आणि झूक्स’. हे पोवळ्यांचे पुस्तक. पोवळे अंगठीत बसवतात, ते आपण पाहिले आहे. त्याचे भाऊबंद उथळ, उबदार समुद्रात राहतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातही ते आहेत. पोवळे हा जिवंत प्राणी आहे. असे असंख्य लहान प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याची घरे बांधतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला अशा घरांची एक रांगच आहे. ती २३०० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जावे आणि निम्म्या वाटेने परत यावे, त्याहूनही ती लांब.

या पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहते. गोष्टीतले झूक्स म्हणजे हे शेवाळ. ते उन्हात साखर तयार करते आणि तिच्यातला बराच मोठा वाटा पोवळ्याला देते. झोबी कोण? झोबी हा रायझोबियम जातीचा जंतू. हवेतला नत्र धरून तो अन्नाच्या रूपात आणतो. तिघे मिळून सुखाने राहतात. मग समुद्राचे पाणी तापू लागते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर शेवाळाचे काम बिघडते. त्यातून विषारी पदार्थ तयार होऊ लागतात. पोवळे त्याला बाहेर टाकते. रंग बहुतेक शेवाळाचा असतो, त्यामुळे पोवळे पांढरेफटक दिसू लागते. ते लगेच मरत नाही. पाणी लवकर निवळले तर शेवाळ परत येते. नाही निवळले, तर पोवळ्याची उपासमार होते. ऑस्ट्रेलियात १९९८ आणि २००२ साली पुष्कळ पोवळी अशी पांढरी पडली. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली. वर्षे नीट वाचा. पूर्वी मध्ये अनेक वर्षे जात. आता पोवळ्यांना सावरायला उसंत मिळत नाही. झोबीची गोष्ट मुलांसाठी आहे खरी, पण ती गोड गोड नाही.

इथे एक शंका येते. जंतूला नाव दिले, त्याला बोलायला लावले, म्हणजे मुलांना खोटेच सांगितले की नाही? पंचतंत्रात कोल्हा बोलतो, सिंह बोलतो. त्याला कुणी खोटे म्हणत नाही. पण पंचतंत्रातला कोल्हा हा कोल्हा नसतोच. तो धूर्त कारभारी असतो. त्याला कोल्ह्याचे कातडे पांघरलेले असते, एवढेच. या पुस्तकांत तसे करून चालत नाही. इथे व्हिब्रिओने व्हिब्रिओसारखेच वागले पाहिजे. तो बोलेल, पण खरा व्हिब्रिओ जे करतो त्यापलीकडे काही करणार नाही. म्हणून गोष्ट संपल्यावर मागच्या पानांवर खरे शास्त्र दिले आहे. सूक्ष्मदर्शकातून काढलेली चित्रे दिली आहेत. गोष्ट कुठे संपते आणि शास्त्र कुठे सुरू होते, हे वाचणाऱ्याला कळते. असे लिहिणे सोपे नाही. राक्षसाची गोष्ट रचणे त्याहून सोपे!

या पुस्तकांच्या माळेला ‘छोटे मित्र’ अशा अर्थाचे नाव आहे. मुलांसाठी ते ठीक आहे. आपण मोठी माणसे आहोत, तेव्हा जरा खोलात जाऊ. ही मैत्री म्हणजे भाबडी मैत्री नव्हे. देणे-घेणे आहे. उजेड न पाडणारे जंतू माकुळाच्या पिशवीत फार दिवस टिकत नाहीत.

झोबीचे भाऊबंद तर आपल्याच रानात आहेत. आपल्याकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत, की हरभऱ्याचा बेवड चांगला. हरभरा, तूर, मूग, भुईमूग घेतलेल्या रानात पुढचे पीक चांगले येते. ज्वारीवर ज्वारी घेतली तर तसे येत नाही. हे कशामुळे होते, ते आपल्या आजोबांना ठाऊक नव्हते. अनुभव मात्र पक्का होता. १८८८ साली हॉलंडमधले शास्त्रज्ञ बायरिंक यांनी डाळीच्या पिकांच्या मुळांवरच्या गाठी फोडून त्यांतले जंतू वेगळे केले. तोच हा रायझोबियम.

हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्र असतो. आपण युरिया घालतो तो नत्रासाठीच. हवेत एवढा नत्र आहे, पण पिकाला तो घेता येत नाही. घर धान्याने भरलेले आणि दाराला कुलूप, तशी गत! त्या कुलपाची किल्ली रायझोबियमजवळ आहे. डाळीच्या पिकाचे मूळ मातीत एक रस सोडते. त्या रसाची खूण ओळखून जंतू मुळाकडे येतो. मुळावरचा बारीक केस त्याला कवटाळल्यासारखा वळतो. जंतू आत शिरतो. तिथे गाठ तयार होते. पीक त्याला साखर देते, तो पिकाला नत्र देतो.

इथेही कामचुकाराला माफी नाही. २००३ साली सोयाबीनवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाठीतले जंतू नत्र देईनासे झाले, की सोयाबीनचे झाड त्या गाठीकडे जाणारी हवा तोडते, असे त्यात दिसून आले. मग ते जंतू वाढत नाहीत. पगार घेऊन बांधावर झोपणाऱ्या गड्याला जसा हिशेब चुकता करून घरी पाठवतात, तसाच हा प्रकार.

कृषी खात्याकडून किंवा दुकानातून जिवाणू खताची पुडी मिळते. तीत हेच जंतू असतात. पण ‘पुडी लावली, काही फरक पडला नाही,’ अशी तक्रार आपण गावोगाव ऐकतो. पुष्कळदा पुडीत जंतू असतात, पण रानात पोचेपर्यंत ते मेलेले असतात. पुडी म्हणजे रासायनिक खत नव्हे. तीत जिवंत जीव आहेत. ती उन्हात, गाडीच्या टपावर ठेवली की जंतू मेले. बियाण्याला बुरशीचे औषध लावायचे असेल, तर ते आधी लावावे, आणि जिवाणूची पुडी सगळ्यांत शेवटी. गुळाच्या पाण्यात पुडी कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावी. बी सावलीत सुकवावे. सुकले की लगेच पेरावे. आणखी एक. हरभऱ्याचा जंतू सोयाबीनला चालत नाही. ज्याची पुडी त्यालाच लावावी. पुडीवर पिकाचे नाव छापलेले असते, आणि किती दिवसांत वापरायची ती तारीखही असते. आता तुम्हाला वाचता येते. दुकानदाराने पुडी हातात दिली, की पैसे देण्यापूर्वी दोन्ही वाचा.

गोठ्यातही हेच चालले आहे. गायीला कडबा पचतो असे आपण म्हणतो. एकट्या गायीला तो पचत नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात असंख्य जंतू असतात. ते कडबा कुजवून त्याचे अन्न करतात. म्हणून जनावराने एकदम पोतेभर धान्य खाल्ले, की ते आजारी पडते. तिथल्या जंतूंची घडी विस्कटते.

आईच्या दुधाचेही असेच. त्यात काही साखर अशी असते, की ती बाळाला पचतच नाही. मग ती असते कशाला? बाळाच्या आतड्यात त्याच्या उपयोगाचे जंतू असतात, त्यांच्यासाठी. आई एका वेळी दोघांना पाजते!

करून पाहा

हरभरा किंवा सोयाबीन फुलावर येऊ लागले, की रानातले एक रोप काढा. मुलांना बरोबर न्या. रोप उपटू नका. उपटले तर गाठी मातीतच राहतात. खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून रोप मुळांसकट उचला. बादलीभर पाण्यात मुळे हलवून धुवा. मुळांना बाजूने चिकटलेल्या गाठी दिसतील. बोटाने चोळल्या तर त्या सुटून येतात. मूळच जागोजाग सुजलेले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ती रायझोबियमची गाठ नव्हे. तो सूत्रकृमीचा रोग असू शकतो. कृषी सहायकाला ते रोप दाखवा.

मग एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी, रक्तासारखी लाली दिसली तर जंतू कामावर आहेत. आपल्या रक्ताला ज्या जातीच्या पदार्थाने तांबडेपणा येतो, त्याच जातीचा पदार्थ त्या गाठीत असतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिथे नत्राचे काम चाललेले नाही.

अशी पाच ठिकाणची पाच रोपे पाहा. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात रानाचे नाव, तिसऱ्यात एका रोपाला किती गाठी, चौथ्यात त्यांतल्या गुलाबी किती. पुढच्या वर्षी त्याच रानात, त्याच पिकाच्या वेळी पुन्हा मोजा आणि त्याच्याखाली लिहा.